पणतीचं चिमणाळं आणि माझा अंगठा

विरार (पश्चिम),
दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार

बाकबंधू रा. रा. सॅन्टनराव यांस, सगळी शाळा तुझ्या डाव्या हाताला बसून काढलेल्या दिनानाथचा साष्टांग नव्हे (कंबर परवानगी देत नाही), पण उभ्याउभ्या, मनापासून नमस्कार.

सर्र, सर्र, टक्. सर्र, सर्र, टक्. आठवतो का रे हा आवाज? आज पहाटे गॅलरीत चहा पिताना मला तो इतका स्पष्ट ऐकू आला की मी कप खाली ठेवून इकडेतिकडे बघितलं. नंदाखालला तुमच्या ओटीवर मार्ककाका नाताळच्या गोठ्यासाठी लाकडाची मेंढरं कोरायला बसत, तेव्हाचा आवाज. सुरी दोनदा लाकडावरून सरकायची आणि तिसऱ्यांदा ढलपी टक्कन सुटून अंगणात पडायची. आपण दोघं खालच्या पायरीवर पाठांतराच्या स्पर्धेची कविता घोकत बसलेले, समोर केळीची पानं हलतायत, विहिरीवर कुणीतरी रहाट ओढतंय. तुझ्या वडिलांची सुरी आपल्या कवितेला ठेका देते आहे असंच मला जन्मभर वाटत आलं. (या वाटण्यानेच माझा घात केला. पण ते पुढे येईल.)

तुझी प्रकृती कशी आहे? कानाचं यंत्र कानात असतं, की अजून कपाटात प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी विश्रांती घेतं? पॉलिनवहिनींचे गुडघे काय म्हणतात? तू म्हणशील, विरारहून नंदाखालला बस येते, खिशात फोन आहे, मग हा पत्राचा थाट कशाला? तर फोनचं असं आहे की तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं की आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जातं. मागे माझ्या पोटाची तक्रार मी फक्त तुला सांगितली होती आणि संध्याकाळी जिन्यात भेटेल तो मला इसबगोल सुचवत होता. शिवाय काही गोष्टी सरोजिनीच्या कानाआड सांगितलेल्या बऱ्या असतात. (तसं विशेष काही नाही. आपलं सहज म्हटलं.)

मोठी बातमी ही की मी पणजोबा झालो. आमची नात क्षितिजा बाळंतपणाला वसईला आईकडे आली आहे आणि तिला मुलगी झाली. पणती अशी काही गोड आहे की तिच्याकडे बघताना मला शाळेत शिकलेली सगळी विशेषणं एकदम आठवतात आणि एकही पुरत नाही. तर आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पाळणा आमच्या घरचाच, जुना, सागवानी. वर टांगायला मात्र नातजावई कौस्तुभने बॅटरीवरचं एक यंत्र आणलेलं. चार जांभळे हत्ती गोल फिरतात आणि आत कोणी परदेशी बाई गुणगुणते. कौस्तुभ फार चांगला मुलगा आहे (संगणकावर तो नेमकं काय करतो हे तो मला दर भेटीत न रागावता समजावतो), पण हत्ती बघून माझ्यातला कवी जागा झाला. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळं असायचं. लाकडी पाखरं, दोऱ्यांना टांगलेली. वारा आला की ती हलायची आणि बाळ त्यांच्याकडे बघत पाय उडवायचं. पाळण्यावर पाखरं शोभतात, हत्ती कुठे उडतात? आणि मग, सॅन्टन, भरल्या घरात मी बोलून गेलो की माझ्या पणतीचं चिमणाळं मी माझ्या हातांनी कोरणार. बारशाच्या आत.

सगळे हसले आणि विषय संपेल असं मला वाटलं होतं. पण क्षितिजाने माझा हात धरला. "आजोबा, नक्की ना? मला तुमचंच हवंय. मग मी हे हत्ती परत करते हं." आणि तिने खरोखरच केले! दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवाला मुलगा येऊन हत्ती घेऊनसुद्धा गेला. आता पाळण्याच्या वरचा आकडा रिकामा आहे. परतताना रिक्षात सरोजिनी एकच वाक्य बोलली. "हत्ती गेले. आता उडा."

बारसं येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आहे. तुम्ही दोघांनी यायचंच.

लाकूड मी मनासारखं मिळवलं. आगाशीला चुलतभावाच्या वाडीच्या कुंपणाचा पांगारा छाटला होता, त्याची वाळलेली फांदी. हलकं, मऊ, पोरांच्या खेळण्यांना उत्तम. प्रश्न हत्याराचा. मी विचार केला (निवृत्तीनंतर मी फार विचार करतो), की आपण नवशिके, आपलं वय झालेलं, तेव्हा धारदार सुरी नकोच. म्हणून स्वयंपाकघरातली सगळ्यात बोथट सुरी घेतली, जिने टोमॅटोसुद्धा कापला जात नाही, नुसता दुखावतो. सुरक्षिततेची माझी कल्पना ही अशी होती. आता बोथट सुरी लाकडात शिरेना, म्हणून मी जोर लावला. तरी शिरेना, म्हणून आणखी जोर लावला. मग लाकडाची रेष उलटी आली, सुरी अडली, आणि अडलेली सुरी एकदम सुटली ती थेट डाव्या अंगठ्यावर. अंगठा बिचारा चिमणीला मागून आधार देत अगदी सुरीच्या समोर उभा होता.

आमचे डॉक्टर तरुण आहेत. टाके घालताना त्यांनी विचारलं, काका, नारळ फोडत होतात का? मी म्हटलं, चिमणी कोरत होतो. त्यांनी आणखी एक टाका घातला. मग म्हणाले, "धारेच्या सुरीने कोरलं असतं तर बरं झालं असतं. जोर लागत नाही, हातातून सुटत नाही. आणि अंगठा वाटेत कशाला ठेवलात?" मी म्हटलं, दुसरा कुठे ठेवणार, हाताला लागूनच येतो तो.

घरी येऊन बघतो तो चिमणीच्या शेपटाखाली माझं रक्त मुरून पक्कं बसलेलं. घासलं, धुतलं, पॉलिश पेपर मारला, जाईना. म्हणजे मी हात कापून घेतला तेव्हा ती चिमणी होती, आणि टाके घालून परत आलो तोवर तिचा लालबुड्या बुलबुल झालेला होता. मी ते शुभ लक्षण मानलं. (आता त्यावर लाल रंगाचे दोन हात देईन म्हणतो. पणतीला कळायचं नाही, आणि तू कुणाला सांगू नकोस.)

इथून पुढे माझा अंगठा वाचवण्याची मोहीम सुरू झाली आणि तिच्यात सगळी इमारत सामील झाली. पुतण्या जितेश सातिवलीला पत्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो तिथले हातमोजे घेऊन आला, सुरी आरपार जाऊच शकत नाही असले. अंगठा त्यात सुरक्षित होता हे खरं, पण इतका सुरक्षित की कुठे आहे ते मलाच कळेना. बुलबुल त्या मोज्यात धरला तो बोटांच्या फटीतून निसटला, आणि मी चष्मा लावून जमिनीवर शोधत बसलो. मग मी सरोजिनीचं शिवणाचं अंगुस्तान घातलं. ते बोटाच्या टोकाला बसतं, सुरी येते पेराशी. शिवाय पोलादावर पोलाद घासलं की असा काही आवाज निघतो की वरच्या मजल्यावरचं कुत्रं रडायला लागलं. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ही कल्पना वाईट नव्हती, पकडही छान बसली, पण मी ती इतकी आवळली की अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला, आणि जेवायला बसताना सरोजिनीने तो बघून किंकाळी फोडली. शेवटी औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणून दहाही बोटं मढवली. बोटं वाचली, पण फोन मला ओळखेना. क्षितिजा तिकडून बाळाचा चेहरा दाखवायला फोन करतेय, आणि मी इकडे नाकाने हिरवं बटण सरकवतोय.

सरोजिनीने मग तह केला. म्हणाली, आधी भाजीवर हात बसवा, मग लाकडावर. मला ते पटलं. दोन दिवस मी बटाटे, दुधी, मुळे कोरले. सॅन्टन, दुधीचा पोपट मला असा जमला होता की तो आमटीत पडताना जीव कळवळला. शेजारच्या ज्युलीताई वाटी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या वाटणीला चोच आली. आणि खरंच हात बसला. जितेशने एक छोटी, पात्याला बोटभर, खरी धारेची सुरी आणून दिली, आणि मी पांगाऱ्याकडे परतलो. पोपटाचं अंग झालं, शेपूट झाली. पहिल्यांदाच मला वाटलं की जमणार. संध्याकाळचं ऊन गॅलरीत आलेलं, खाली कुणी पोरं क्रिकेट खेळतायत, पायाशी ढलप्यांचा ढीग (त्यातल्या काही खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साडीवर गेल्या, ते प्रकरण मिटलं आहे), आणि हातात पोपट. अशा वेळी माणसाच्या तोंडात काय येणार? कविता.

आता नीट वाच, कारण ही चूक जगात फक्त तू किंवा मीच करू शकतो. मी आधीच ठरवून टाकलं होतं की भुजंगप्रयात म्हणायचं नाही. लगागा लगागा करत सुरी पळत सुटते. तेव्हा संथ वृत्त घ्यावं म्हणून मंदाक्रांता निवडलं. केवढी ही माझी सावधगिरी! पण मंदाक्रांतेला एका ओळीत दोन यती, दोन विसावे. आणि आपल्या मराठीच्या बाईंनी आपल्याला काय शिकवलं होतं? यती आली की डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा, मग पुढचे शब्द. तू पाठांतराच्या स्पर्धेत डोळे मिटलेस ते उघडायला विसरलास आणि तरी पहिला आलास, आठवतं? मी सत्तरी ओलांडली तरी यतीला माझे डोळे आपोआप मिटतात. पहिल्या यतीला मिटले, काही झालं नाही. दुसऱ्या यतीला मिटले. श्वास घ्यायला मी थांबलो, कविता थांबली, सुरी तेवढी थांबली नाही.

फार लागलं नाही. पट्टीवर भागलं. पण सरोजिनी आली, तिने पट्टीकडे बघितलं, पोपटाकडे बघितलं (त्याला अजून चोच नाही), सुरी उचलली, पुसली आणि लोखंडी कपाटात दागिन्यांच्या खणात ठेवून किल्ली कनवटीला लावली. आरडाओरडा काही नाही. ओरडली असती तर मी भांडलो असतो. ती एवढंच म्हणाली, "पणतीला पणजोबा अख्खा हवाय मला."

तेव्हापासून सुरी माझ्या सासूबाईंच्या पाटल्यांशेजारी झोपली आहे. टेबलावर एक बुलबुल, एक बिनचोचीचा पोपट आणि तीन लाकडाचे ठोकळे आहेत, ज्यांना मी मनातल्या मनात मैना, सुतारपक्षी आणि खंड्या म्हणतो. काल क्षितिजाचा फोन आला. आजोबा, आकड्याला मी सध्या नुसती लाल रिबीन बांधलीय, बाळ तिच्याकडेच बघत बसतं. मी म्हटलं, चाललंय काम, चाललंय. सरोजिनी समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण मेथीची एक चांगली काडी कचऱ्यात टाकली.

आणि मग आज पहाटे तो आवाज ऐकू आला. सर्र, सर्र, टक्. मी डोळे मिटून तो नीट ऐकला. (सुरी हातात नव्हती, काळजी नको.) इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो आठवण म्हणून नाही, तर खरोखर ऐकला, आणि मला एक गंमत कळली. सर्र, सर्र, टक्, मग शांतता. मग आपली कविता. कविता संपली की पुन्हा सर्र. अरे, दोन्ही आवाज एकत्र कधी नव्हतेच! आपण ओळ सुरू केली की मार्ककाका सुरी शेजारी पाटावर ठेवायचे, हात मांडीवर घ्यायचे आणि ऐकायचे. आपल्याला वाटायचं, ते विडी पेटवायला थांबलेत. विडी तर ते ओढतच नव्हते. मग ते चामडं डोळ्यांपुढे आलं. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर जुन्या बुटाच्या जिभेची शिवलेली टोपी असायची, तेलाने काळी झालेली, आपण तिला मेंढपाळाची टोपी म्हणायचो. कोपर बरगडीला टेकलेलं, अंगठा लाकडाच्या कडेखाली, आणि ढलपी नखाएवढीच. त्यांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती. तुझ्या लग्नात त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते, मला ती बोटं अजून जाणवतात. आणि मी इतकी वर्षं त्या ओटीवरची कविता आणि सुरी एका चालीत बसवून घेतली, कारण ऐकायला गोड लागतं. माझ्या अंगठ्याला विचार.

असो. मी आता हा नाद सोडून दिला आहे. मनाला फार शांत वाटतं. पाखरं काय, बाजारात विकत मिळतात. जितेश म्हणतो, कोकणातली रंगीत लाकडी मागवू, छान असतात. मीही हो म्हटलं आहे. उगाच हट्ट कशाला? तुझ्याशी चार शब्द बोलावेत एवढ्यासाठीच हे पत्र. पॉलिनवहिनींना नमस्कार, केळीला खत वेळेवर घाल, आणि यंत्र कानात घाल.

तुझा,
दिनानाथ

ता. क. १. नाद सोडला वगैरे वर जे लिहिलं आहे ते हे पत्र सरोजिनीच्या हाती पडलं तर असावं म्हणून. खरं काम असं. मार्ककाकांची हत्यारांची पेटी तुझ्याकडे माळ्यावर असेल. तिच्यात ती चामड्याची टोपी नक्की असणार. ती आणि काकांची छोटी सुरी (असल्यास) केळ्यांच्या फणीत खुपसून गुरुवारी आगाशीच्या बाजारात घेऊन ये. मी घरी सांगीन की कविता वाचायला तुझ्याकडे चाललोय. मग मी तुमच्या ओटीवर बसून चोच कोरतो. तू समोर बस, आणि मी काही म्हणायला लागलो की कानाचं यंत्र काढून ठेव, म्हणजे ऐकायला कुणी उरणार नाही. आठ दिवस पुरतील. मला अगदी खात्री आहे की पुरतील.

ता. क. २. टोपीचं माप लागेल म्हणून सोबत माझ्या डाव्या अंगठ्याची बाह्यरेषा पेन्सिलीने काढून पाठवतो आहे. पट्टीसकट काढली आहे, तेव्हा थोडं कमी धर.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात बेल वाजली. लिफ्ट बंद आहे, दारात कुणीतरी मोठमोठ्याने धापा टाकतंय. मला वाटलं, साडीचं प्रकरण पुन्हा उघडलं. सरोजिनीने दार उघडलं, आणि सॅन्टन, दारात तुझी बायको! एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. सरोजिनी म्हणतेय, "अगं, किती उशीर! केव्हाची वाट बघतेय." पॉलिनवहिनी म्हणतायत, "बस वेळेवर आली तर ना, सरोज. आणि काल तुझा फोन आल्यावर शोधली ती टोपी, पेटीच्या तळाला होती. कडक झाली होती, रात्रभर खोबरेल लावून मऊ केली. तुझ्या भावोजींना काही सांगितलं नाही हो मी. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडायला लागतं, मग सगळ्या नंदाखालला कळलं असतं." म्हणजे हे तुला आता माझ्याच पत्रातून कळतंय. वहिनी पुढे म्हणतायत, यंदा गोठ्याला मेंढरू कमी आहे एक, दिनाभावोजी करतील का? आणि सरोजिनी माझ्याकडे न बघता म्हणतेय, "चोच झाली की करतील. पण कविता म्हणायची असली की सुरी आधी माझ्याकडे द्यायची." कपाटाची किल्ली वाजली. ती सुरी घेऊन येतेय. पेन ठेवतो, एका वेळी एकच.